पाणी डोंगराला लागलं

४ तारीख, सोमवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टोपलीत टाकणार होतास, मला माहितीये. टाक हवं तर, पण आधी एवढं वाच. चाळिसावा कागद सापडलाय.

बसलास ना खाली? आता पुढचं वाच. पत्ता आपल्या जुन्या शाईवाल्याने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला दोन तास सोडलंच नाही. खोकी छापायच्या कारखान्यात रबराचे ठसे कापतोस म्हणे. ज्या हाताने केसाच्या जाडीची लाट कापली, तो हात आता ‘ही बाजू वर’ आणि ‘जपून हाताळा’ कापतो. मला आधी हसू आलं, मग रडू, मग शाईवाल्यालाच चहा पाजून वाटेला लावलं.

मी अजून तिथेच आहे. संग्रहालयाची दुरुस्तीची खोली, उत्तरेला खिडकी, खिडकीखाली लांब टेबल आणि टेबलावर कुणाकुणाचे फाटके, कसरीने खाल्लेले कागद. गेल्या गुरुवारी एका संग्राहकाच्या घरून साठ छापांची पेटी आली. सगळी जुनी निसर्गचित्रं, लाकडी ठशांवरून काढलेली. डोंगर आणि पाणी, डोंगर आणि पाणी. सहाव्या चित्रावरचा झिरझिरीत कागद उचलला आणि खुर्ची पुढे ओढली. तीन शिखरं, उजवीकडे धबधबा, खाली नदी. आपल्या घरचा ठसा. आणि नदी थेट डोंगराच्या पायाला चिकटलेली, मध्ये श्वास नाही.

श्वास म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण मी स्वतःलाच पुन्हा सांगते, हल्ली दुसरं काही डोक्यात नसतंच. डोंगर म्हणजे राहणारा, पाणी म्हणजे जाणारं. दोघांच्या मध्ये केसभर कोरी पट्टी सोडायची, तो श्वास. पणजोबांच्याही आधीपासून आपल्या कारखान्यातल्या एकाही छापात पाणी डोंगराला लागलेलं नाही. लागलं की ते घर बुडालं असं समजायचे. फक्त अकरा वर्षांपूर्वी लागलं, तू कापलेल्या पाण्याच्या ठशात. बाबांनी चाळीसही कागद अंगणात तुझ्याच हातांनी जाळायला लावले, आणि जाळताना ते मोजत उभे राहिले. एकोणचाळीसच भरले. चाळिसावा तू लपवलास, जुना म्हणून विकणार आहेस, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी तू नव्हतास.

तर तो कागद आता माझ्या टेबलावर आहे. इथे सगळे त्याला दोनशे वर्षांचा समजतात. त्यांचंही चुकत नाही. डोंगराचा ठसा दोनशे वर्षांचा, कागद आजोबांनी जपून ठेवलेला. फक्त पाणी तुझं. २८ तारखेला प्रदर्शन उघडतंय. तू संग्रहालयाला दोन ओळी लिही, की हे पाणी मी कापलंय. बस्स. तुझं तिथे बसून काय जातंय?

ताई

९ तारीख, शनिवार

धाकट्या,

उत्तर नाही. बरं. तू लहानपणीही असाच होतास, रुसलास की तीन-तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी.

इथली गंमत ऐक. आमच्या मॅडम, म्हणजे प्रदर्शनाच्या प्रमुख, त्यांनी तुझ्या पाण्यावर पुस्तिकेत तीन पानं लिहिली आहेत. बाकी एकोणसाठ छापांना मिळून सात पानं, आणि तुझ्या एकट्याला तीन. जुन्या चित्रांत डोंगर म्हणजे सत्ता, वडीलकी, जे हलत नाही ते. पाणी म्हणजे काळ, लेकरं, जे थांबत नाही ते. इथवर मलाही पटलं, बाबाही हेच सांगायचे. पुढे बाईंनी लिहिलंय की, ज्याचं नाव आज कुणालाच माहीत नाही अशा एका धीट कलावंताने हा जुना संकेत जाणूनबुजून मोडला आणि पाणी डोंगराच्या पायाशी नेलं. ही म्हणे परतीची नदी आहे. वाहून गेलेलं पुन्हा वडिलांच्या पायाशी येतं, क्षमा मागायला.

मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. क्षमा कसली मागतंय ते पाणी, डोंबल.

पण हसण्यावारी नेण्यासारखं आता राहिलेलं नाही. तो छाप मधल्या भिंतीवर एकटा लागणार आहे. शिवाय प्रत्येक छापासोबत एक दाखला असतो: कागद, शाई, ठसा, सगळं तपासलं, सगळं त्या काळातलंच. त्याखाली दुरुस्तीवाल्याची सही लागते, म्हणजे माझी. एकोणसाठ दाखले मी सही करून दिले. साठावा खणात आहे. मॅडमनी दोनदा विचारलं, मी दोनदा म्हटलं की शाई अजून बघतेय.

आणि आता खरं ऐक. उद्घाटनाला मॅडमनी बाबांना बोलावलंय, जुन्या पद्धतीने ठसे कोरणारे शेवटचे कारागीर म्हणून. त्यांची शाल, त्यांची खुर्ची, सगळं ठरलंय. दोन वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली हे तुला कुणी कळवलं नसेल. हात गेला, बोलणं सावकाश झालं, पण नजर जशीच्या तशी आहे. दारातून आत आल्याबरोबर त्यांना ते पाणी दिसणार. आणि दिसलं की शंभर माणसांसमोर ते म्हणणार, माझ्या मुलाने विकला.

म्हणून लिही बाबा. हात जोडते.

ताई

१४ तारीख, गुरुवार

धाकट्या,

ठीक आहे, तू काही लिहीत नाहीस. मग मीच लिहिते.

तो कागद तू नाही लपवलास, मी लपवला. तू बादलीतून रॉकेल आणायला गेलास तेव्हा गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा मी काढला आणि पदराआड धरून आत नेला. का, म्हणशील. सुंदर होता म्हणून. बाबांना त्यात चूक दिसली, मला नुसती नदी दिसली. इतकी जिवंत नदी आपल्या घरात कुणी कापली नव्हती, बाबांनीसुद्धा नाही. ती जळताना बघवेना.

मी तो मोठ्या खणात जुन्या छापांच्या मधोमध घातला. माझी पेटी बाबा उघडून बघतील अशी भीती होती, आणि जुन्या खणाला ते कधी हात लावत नसत. मग एकोणचाळीस भरले, बाबांचा आवाज चढला, तू त्यांच्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, मला माहीत नाही. मी दारात उभी होते. दोन शब्द बोलायचे होते फक्त. म्हटलं, जरा शांत होऊ देत, उद्या सांगते. उद्या तू गेलास. पुढच्या आठवड्यात तो कागदांचा व्यापारी आला आणि बाबांनी न उघडताच विकलेला अख्खा खण बांधून घेऊन गेला. मी कारखान्यातून परतेपर्यंत खण रिकामा. मग सांगून तरी काय दाखवणार होते?

बघ, अकरा वर्षं घोकून पाठ केलेली ही वाक्यं आहेत, म्हणून इतकी सरळ आली.

आज सकाळी बाबांना दाढी करून देताना ते म्हणाले, उद्घाटनाला तो पांढरा सदरा काढ. आनंदात आहेत. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आता तरी लिही. शिव्या लिही, पण लिही.

ताई

१९ तारीख, मंगळवार

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी एक ओळ, आणि तीही कशी.

“ताई, कागद ओला होता का?”

ना नमस्कार, ना कशी आहेस, ना बाबांची चौकशी. मी तुला एवढं कबूल केलं, काळीज काढून ठेवलं कागदावर, आणि तू कारखान्यातल्या मुकादमासारखा हिशेब विचारतोस.

तुला काय सुचवायचंय ते मला कळतं, मी दुधखुळी नाही. पाण्याच्या जुन्या ठशाला चीर गेली होती, नवा कापायचा होता. जुन्या छापावरून पातळ कागदावर पाण्याची कड उतरवायची आणि तो कागद नव्या फळीवर चिकटवून द्यायचा, हे माप माझ्याकडे होतं. कापायचं तुझ्याकडे. पातळ कागद ओलसर असला की फुगतो, आडवा ताणला जातो, म्हणून तो दिवसभर सुकवल्याशिवाय कड उतरवायची नाही, हे आपण चालायला लागलो त्या दिवसापासून ऐकतोय. ओल्या कागदावर उतरवलेलं माप केसभर मोठं निघतं. आणि श्वास असतो केसभरच.

कोरडा होता. खडखडीत. झालं समाधान?

तुझा हात चुकला असेल. वीस वर्षांचा होतास, चुकतो हात. त्यात लाज कसली.

ताई

२२ तारीख, शुक्रवार

धाकट्या,

आधी वाईट बातमी. मी सही केली. मॅडम दुपारी दाखला घेऊन स्वतः खोलीत आल्या, पुस्तिका छपाईला जायची होती, टेबलापाशी उभ्या राहिल्या. लेखणी माझ्या हातात दिली. मी सही केली आणि वर हसलेही. साठाच्या साठ.

मग त्या गेल्या आणि मी छाप भिंगाखाली घेतला. का घेतला, देव जाणे. कडेकडेने डावीकडून उजवीकडे गेले. धाकट्या, तुझी छिन्नी एका ठिकाणीही घसरलेली नाही. हात चुकला असता तर एका जागी लागलं असतं, दुसऱ्या जागी सुटलं असतं. हे पाणी सगळीकडे सारखंच लागलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढंच मोठं. हात असा चुकत नाही. माप चुकतं. तू हे तेव्हाच ओळखलं होतंस ना? बाबांसमोर उभा असताना तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मी नजर फिरवली, तेव्हाच तुला कळलं. आणि तरी तू माझं नाव घेतलं नाहीस.

मंगळवारी लिहिलेलं खोटं होतं. कागद ओला होता.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता माझी मुलाखत होती. याच खोलीत, याच नोकरीसाठी. बाबांना सांगितलं नव्हतं. कारखान्यातली मुलगी दुसऱ्याच्या दारात जाऊन फाटके कागद चिकटवणार म्हटल्यावर त्यांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या असत्या. सकाळी कागद सुकायला टाकला होता. दोन वाजले तरी हाताला गार लागत होता. गार म्हणजे ओला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय. कड उतरवली, फळीवर चिकटवली, तुझ्यासमोर ठेवली आणि साडी बदलून पळाले. नोकरी मिळाली. तुझं घर गेलं.

आता कळलं का, मी तुला दोन ओळी लिही म्हणून का मागे लागले होते? पाणी तुझं आहे एवढं तू सांगितलं असतंस की विषय तुझ्यावर संपला असता. मापाचं कुणी विचारलंच नसतं. पहिल्या पत्रापासून मी हेच करत होते. तुला मदत मागत नव्हते, तुलाच पुन्हा पुढे ढकलत होते.

सही झाली आहे. सहा दिवस उरलेत. पाचावर धारण बसली आहे माझी.

ताई

२७ तारीख, बुधवार

धाकट्या,

झालं ते जसं झालं तसं लिहिते, सजवत नाही.

उद्या शंभर माणसांत नको, म्हणून आज सकाळी बाबांना चाकाच्या खुर्चीत घालून मी संग्रहालयात नेलं. रंगीत तालीम आहे म्हणून सांगितलं. पांढरा सदराही घातला त्यांनी, उद्याचा असूनही. दालनात दोन सुतार चौकटी ठोकत होते आणि मॅडम शिडीखाली उभ्या राहून दिवे बघत होत्या. बाबांना बघून त्या लगबगीने आल्या, वाकून नमस्कार केला. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. ते मधल्या भिंतीकडे बघत होते.

डावा हात त्यांनी खुर्चीवरून उचलला. मग म्हणाले, विकलाच शेवटी. मॅडमना वाटलं, ते संग्राहकाबद्दल बोलतायत. त्या हसून काहीतरी सांगायला लागल्या.

मी बाबांच्या आणि छापाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मी सगळं सांगितलं. लपवला मी, खणात घातला मी, बोलले नाही मी. मॅडमना एकेक शब्द ऐकू जात होता आणि मला ते माहीत होतं. मग मी मापाचं सांगितलं.

बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी कारागिराने कारागिराला विचारावं तसं विचारलं, “किती सुकवला होता?”

“सकाळपासून दोनपर्यंत. हाताला गार लागत होता.”

“आणि त्याने?”

“त्याने मापावर कापलं. बरोबर मापावर.”

त्यांनी हाताने खूण केली, बाजूला हो. मी झाले. मग म्हणाले, जवळ ने. काचेला नाक लागेल इतकं जवळ नेलं. ते डावीकडून उजवीकडे बघत गेले, मी भिंगातून गेले होते तसेच, पण भिंगाशिवाय. धबधब्यापाशी थांबले. तिथे तू लाकूड सगळं काढून नुसता कागद सोडला आहेस, आणि त्या कोऱ्यात एकच रेघ ठेवली आहेस. ते तिथे किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही. सुतारांनी ठोकणं बंद केलं होतं.

“मग पाणी बरोबर आहे,” ते म्हणाले.

एवढंच. धाकट्या, हे मी तुला पोचवायलाच हवं होतं, अकरा वर्षं उशिरा का होईना. बाबा म्हणाले, पाणी बरोबर आहे.

घरी आल्यावर सदऱ्याची बटणं काढायला मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात दूर केला आणि एका हाताने स्वतःच काढत बसले. पाच बटणं. मी दारात उभी राहून बघितलं. ते व्हायलाच हवं होतं, तरी रडू आलं.

ताई

३० तारीख, शनिवार

धाकट्या,

उद्घाटन झालं. बाबा गेले नाहीत, मीही नाही. नोकरीचं अजून पत्र नाही आलं, पण माझ्या टेबलाच्या किल्ल्या मॅडमनी मागून घेतल्या. खोटा दाखला दिला आहे मी, त्यांची काही चूक नाही. पुस्तिकेतली ती तीन पानं फाडायला दोन माणसं बसवली होती म्हणे, पाचशे प्रतींतून. बाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण एक काम त्यांनी केलं. छाप उतरवला नाही. मधल्या भिंतीवरून काढून दाराशेजारी लावला, आणि खाली लावायच्या पाटीवर काय लिहायचं ते मला चिठ्ठीने विचारलं. तिथला शिपाई चिठ्ठी घेऊन आला आणि मी लिहीपर्यंत जिन्यात थांबला. कोणी कापलं ते मी लिहिलं. ठशाचं वय लिहिलं, पाण्याचं वय लिहिलं. पाणी डोंगराला का लागलं या रकान्यात लिहिलं: मापाचा कागद ओला होता, माप बहिणीचं. काल बघून आले. पाटीवर जसंच्या तसं आहे. बरेच लोक वाचून पुढे जातात, एक-दोघं पुन्हा मागे येऊन छाप बघतात.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. शेजारच्या काकूंशी बोलतात, औषधवाल्याशी बोलतात, माझ्या हातचं जेवतात, पण बोलत नाहीत. तुझ्या पाण्याचा ठसा तू जाताना नेला होतास, हे त्यांना माहीत होतं. काल काकूंना त्यांनी विचारलं, टपाल आलं का. आज सकाळी पुन्हा विचारलं. दुपारी काकू माझ्याकडे येऊन हळूच सांगून गेल्या की बाबांनी पलंगाखालची पेटी ओढायला लावली आणि आत आजोबांनी जपलेला कागद अजून किती उरलाय ते बघायला लावलं. एक ताव आहे.

मी काकूंच्या हाती निरोप दिला की तो ताव मी ओला करणार नाही, मी त्याला हातही लावणार नाही. बाबांनी पेटी परत आत ढकलू दिली नाही, तशीच उघडी ठेवायला लावली.

ठसा घेऊन ये. तुला मला काय बोलायचंय ते समोर उभा राहून बोल. दारातून आलास की मी तुझ्याकडेच बघत असेन.

ताई